चारच का, दोन का नाही?

समुपदेशनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी एक समज सोडून द्यावा: रुग्णाला तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नसतात, हा. पारोळा तालुक्यात मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीला येणाऱ्यांना मी पहिले वर्षभर कर्करोगाची चित्रे दाखवत राहिले. लोक 'हो ताई' म्हणत आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन पुडी उघडत.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही समुपदेशनाची पद्धत विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या समस्येने ग्रासलेल्या लोकांसोबतच्या कामातून मांडली; पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विस्तारली. तिचे मर्म असे, की व्यसनी माणसाच्या मनात सोडण्याची आणि न सोडण्याची अशा दोन्ही बाजू नांदत असतात, आणि आपण सोडण्याची बाजू लावून धरली की तो साहजिकच दुसरी बाजू मांडू लागतो. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून यावी लागतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत आलेल्या एका आप्पांना मी विचारले, "तंबाखू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?" ते म्हणाले, "चार." पूर्वी मी "आठ का नाही?" असे विचारले असते आणि न सोडण्याची सारी कारणे ऐकून घेतली असती. या वेळी विचारले, "चारच का, दोन का नाही?" आप्पा बराच वेळ गप्प राहिले, हातात काही नसतानाही त्यांचा अंगठा तळव्यावर तंबाखू मळल्यासारखा फिरत होता. मग म्हणाले, "नात जोडे येत नही. तोंडना वास येस म्हणे."

अशा क्षणी सल्ला अगदी ओठांवर येतो, आणि तो गिळणे हेच या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे माझे मत आहे. मी एवढेच म्हणाले, "नात जवळ यावी, असं वाटतं तुम्हाला." त्यानंतर दहा मिनिटे आप्पाच बोलत होते. माहिती द्यायचीच असेल तर "सांगू का?" असे विचारून थोडी द्यावी आणि त्यावर त्यांचे मत विचारावे. कोणी 'शून्य' म्हणाले, तर एकावर यायला काय घडावे लागेल, ते विचारावे.

पुढच्या खेपेला आप्पांनीच सांगितले, की सकाळच्या वेचणीला जाताना ते पुडी घरी ठेवून जातात. दुपारनंतर मात्र खातात. दुपारविषयी मी काहीच बोलले नाही, सकाळ कशी जमली तेवढेच विचारले.