दहा फूट म्हणजे तीन मीटर नव्हे

प्रदर्शनांतल्या स्टॉल डिझाइनच्या धंद्यातली माझी पहिली मोठी चूक ४८ मिलिमीटरची होती.

सांगलीहून अप्लाइड आर्ट करून मुंबईला आले आणि स्टॉल बांधून देणाऱ्या एका लहानशा फॅब्रिकेटरकडे नोकरीला लागले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा स्टॉल होता. मागची भिंत तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि तिच्यावर ताणून बसवायचं छापील कापड. तोवर मी सगळं काम प्लाय आणि सनबोर्डमध्ये (म्हणजे पीव्हीसी फोमचा हलका बोर्ड), फुटांच्या हिशेबानं केलेलं. ‘दहा बाय दहा’ आणि ‘तीन बाय तीन’ हे शब्द आमच्याकडे एकाच अर्थानं फिरतात, म्हणून मी प्रिंटरला बिनदिक्कत दहा फूट लिहून दिलं. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. फ्रेम होती ३००० ची.

रात्री नऊला कापड उघडलं, चारही कोपरे खाचेत बसवले आणि भिंतीला मधोमध पोट सुटलं. आमचे मिस्त्री थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, “ताई, प्लाय असता तर रंधा मारला असता. ह्याला काय मारू?”

शेवटी कापड घडी करून रिक्षात घातलं आणि दुकान बंद करायच्या बेतात असलेला एक शिंपी गाठला. कडेची, फ्रेमच्या खाचेत बसणारी सिलिकॉनची पट्टी उसवायची, कापड कापायचं, पट्टी परत शिवायची. सिलिकॉन मशीनच्या पायाखाली सरकेना, तेव्हा त्या काकांनी वर वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवलं आणि नंतर कागद ओढून काढला. तीन मीटरच्या भिंतीवर लोगो २४ मिलिमीटर एका बाजूला सरकला होता. क्लायंटच्या लक्षात आलं नाही. मला मात्र तीन दिवस दुसरं काही दिसलं नाही.

नव्यानं या कामात येणारी मुलं मला विचारतात, कापड चांगलं की पॅनेल? कॅटलॉगमध्ये याचं उत्तर दिसण्यावरून दिलेलं असतं. मी त्या रात्रीवरून देते. पॅनेल म्हणजे सनबोर्ड, प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड). या गोष्टी साइटवर दुरुस्त होतात. वाढलं तर कटर चालवा, कमी पडलं तर पट्टी मारा, फट दिसली तर पुट्टी भरा. कापडाचं सगळं शहाणपण कारखान्यातच संपलेलं असतं. हॉलमध्ये ते एक तर बसतं नाही तर बसत नाही. म्हणजे चूक तुम्हाला कुठे परवडते, हा खरा प्रश्न आहे.

आता थोडं खोलात.

प्रदर्शनात सगळ्यात स्वस्त जागा घेतली की आयोजक जो तयार सांगाडा देतो त्याला शेल स्कीम म्हणतात. अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचे खांब, त्यांच्या खाचांत बसणारी पांढरी पॅनेलं, वर नावाची पट्टी म्हणजे फॅशिया. ही पद्धत १९६९ साली सुरू झालेल्या ऑक्टानॉर्म या जर्मन कंपनीनं रुळवली. आपल्याकडे प्रोफाइल कुठल्याही वर्कशॉपचं असो, सगळे त्याला ‘ऑक्टोनॉर्म’च म्हणतात, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स. खांब एक एक मीटरवर, उंची अडीच मीटर. आडव्या पट्टीच्या टोकाला कुलूप असतं, ते एलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, पिळायचं. दोन सराईत पोरं नऊ चौरस मीटरचा स्टॉल बघता बघता उभा करतात.

यातली अडचण डिझायनरची आहे: दर मीटरला खांब दिसतो. माझ्या एका सहकाऱ्यानं शेतकऱ्याचा भलामोठा चेहरा भिंतीभर पसरवला आणि नाकावरून अ‍ॅल्युमिनियम गेलं. पॅनेलचा दिसणारा भाग मीटरपेक्षा थोडा कमी असतो, तो आयोजकाच्या मॅन्युअलमधून मिलिमीटरमध्ये घ्या आणि छपाईची फाइल पॅनेलनुसार तोडा. आणखी एक: या पॅनेलांना खिळा मारायला, भोक पाडायला सहसा बंदी असते. व्हिनाइलचा छापील स्टिकर चिकटवला आणि काढताना डिंक राहिला तर दंड लागू शकतो. तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण ते पान कोणी वाचत नाही.

जागा नुसती मोकळी घेतली, म्हणजे बेअर स्पेस, तर मग सुतारकाम आलं. इथे प्लाय आणि एमडीएफला पर्याय नाही असं मी अजूनही म्हणते, विशेषतः माल जड असेल तेव्हा. पंपवाल्याला भिंतीवर बिडाचं कास्टिंग टांगायचं असतं, नळवाल्याला पन्नास नळ, आणि टीव्ही तर प्रत्येकालाच. कापड वजन घेत नाही. फ्रेमला मागून आडवी पट्टी देऊन, कापडाला नेमकं भोक पाडून टीव्ही लावता येतो, पण तो ठरवून आधी करावा लागतो. क्लायंट आदल्या रात्री म्हणाला की टीव्ही जरा डावीकडे घ्या, तर प्लायच्या भिंतीत दोन स्क्रू फिरतात. कापडात जुनं भोक तिथेच राहतं.

पण वजन मालाचंच नसतं, भिंतीचंही असतं. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची प्लायची एक शीट पस्तीस किलोच्या घरात जाते. तेवढीच ५ मिलिमीटरची सनबोर्ड शीट आठेक किलो. आणि तीन बाय अडीच मीटरचं संपूर्ण भिंतीचं कापड? साधारण दीड-पावणेदोन किलो. फ्रेमचे तुकडे वेगळे, पण ते लांबट पिशवीत मावतात. आमचा इचलकरंजीचा एक क्लायंट दुबईच्या प्रदर्शनाला विमानाच्या सामानात स्टॉल घेऊन गेला, सोबत फक्त पुतण्या. सनबोर्डचं खोकं विमानानं पाठवायचं तर ते हलकं असूनही जागा खातं, आणि कार्गोत घनफळावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागायचं, कुरिअरवाले बहुधा पाच हजारांनीच भागतात. हे गणित पहिल्यांदा करून बघाल तेव्हा कापडाच्या फ्रेमची किंमत एकदम रास्त वाटू लागेल.

कापडावरची छपाई वेगळ्या जातीची असते, हेही समजून घ्या. सब्लिमेशनमध्ये शाई आधी कागदावर उलटी छापतात आणि मग सुमारे दोनशे अंशांच्या उष्णतेत दाबतात. शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. म्हणून रंग घासून जात नाही, घडी घातली तरी तडकत नाही. सुती कापडावर हे नीट होत नाही. पृष्ठभाग मंद असल्यामुळे स्पॉटलाइट त्यावर चमकत नाहीत, फोटो छान येतात. ग्लॉस लॅमिनेशनच्या सनबोर्डवर प्रत्येक फोटोत दिव्याचा गोळा असतो. मात्र बारीक अक्षरं कापडावर किंचित मऊ पडतात. पंपाच्या अश्वशक्तीचा तक्ता कापडावर छापू नका, तो जवळून वाचायचा असतो, त्याला छोटा सनबोर्ड द्या. आणि मागून दिवे असतील तर काळा रंग राखाडी दिसतो, हे प्रिंटरला आधी सांगा. नमुन्याचा तुकडा दिव्यासमोर धरूनच पसंत करा.

बसवताना चारही कोपरे आधी, मग चारही बाजूंचे मध्य, मग उरलेली कड. एका टोकापासून सुरू केलं की शेवटच्या कोपऱ्यात कापड गोळा होतं. हातात सुती मोजे, कारण पांढऱ्यावर बोटाचा डाग पडला की पडला. घडीच्या खुणा कपड्यांच्या स्टीमरनं जातात, बऱ्याचशा रात्रभर ताणावर राहूनही जातात.

तरीही कोपऱ्यातून तिरकी सुरकुती जात नसेल तर दोष कापडाचा नाही. फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पुण्याजवळच्या मोशीच्या मैदानावर डिसेंबरात शेतीच्या प्रदर्शनासाठी जे हँगर, म्हणजे मोठे तात्पुरते मंडप, उभे राहतात, तिथे खालची जमीन एकसारखी नसते; प्लायवूडचा तळ टाकला तरी कुठेतरी दबतो. फ्रेमचा एक पाय दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली गेला की चौकोनाचा कर्ण बदलतो आणि कापड त्याची लगेच चुगली करतं. प्लायची भिंत अशी तिरकी असेल तर कोणाला कळतही नाही. म्हणून दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे आले की मगच कापड काढा. मैदानावर आणखी एक वैरी म्हणजे धूळ. सनबोर्ड ओल्या फडक्यानं पुसला की झालं, कापडावरची धूळ ओल्या फडक्यानं चिखल होते. अशा ठिकाणी मी हल्ली खालचा कमरेइतका भाग पॅनेलचा आणि वरचा कापडाचा ठेवते. क्लायंटला ते डिझाइन वाटतं.

पैशाचं विचाराल तर एका प्रदर्शनापुरता हिशेब मांडू नका. वर्षातून एकदाच उभं राहणाऱ्याला फ्रेम विकणं मला पटत नाही. त्याला सनबोर्ड किंवा भाड्याचं ऑक्टोनॉर्म पुरे. पाच-सहा ठिकाणी फिरणाऱ्याला फ्रेम एकदा घेऊन दर हंगामाला फक्त कापड बदलायचं असतं. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी, प्रदर्शन संपल्यावर, एकदा तरी थांबून डिस्मँटल, म्हणजे स्टॉल मोडणं, बघा. सुंदर लॅमिनेटच्या भिंती सब्बलीनं उचकटून टेम्पोत फेकल्या जातात. त्याच गर्दीत कोणीतरी कापडाची गुंडाळी खांद्यावर टाकून निघून जातो.

आगीबद्दल एक वाक्य: मोठ्या हॉलमध्ये कापडाचं अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागू शकतात, ते कापड घेतानाच मागून घ्या, आदल्या रात्री मिळत नाही.

त्या शिंप्याच्या दुकानातून परतल्यावर मी नवी टेप घेतली आणि तिच्यावरची इंचांची बाजू मार्करनं काळी केली. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच एक सूत, हे मिस्त्रींना तोंडपाठ आहे. मला नाही, आणि मला ते पाठ करायचंही नाही. ते अजूनही अधूनमधून माझी टेप मागतात, उघडून बघतात आणि काही न बोलता परत देतात.