कॅल्साइटमधून दोन अक्षरं दिसत नाहीत? या चुका टाळा

पुण्यात कॅल्साइट, म्हणजे खालचं अक्षर दुहेरी दाखवणारा पारदर्शक स्फटिक, मिळवायला फार धडपड करावी लागत नाही. आपल्या पायाखालचा बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट असे स्फटिक साचत गेले. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट आणि पाषाणचं हिरवं अ‍ॅपोफिलाइट जगभरचे संग्राहक हौसेने घेतात. त्यांच्या पंक्तीत कॅल्साइटला कोणी विचारत नाही, म्हणून ते स्वस्तात पदरात पडतं.

मग घरी आणून ते वर्तमानपत्रावर ठेवायचं, अक्षरं दुहेरी दिसायची वाट बघायची, आणि काहीच दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण दगडाला नावं ठेवतात. पण दगड खोटा निघण्यापेक्षा तो चुकीच्या जागी किंवा चुकीच्या दिशेने धरलेला असण्याची शक्यता जास्त.

आधी कॅल्साइटच आहे ना, ते बघा

पुण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पारदर्शक अ‍ॅपोफिलाइटशी. तेही चौकोनी, पाणीदार, आणि त्याच खाणीतलं. पण त्यातून अक्षर कधीच दुहेरी दिसणार नाही. कॅल्साइटमध्ये शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात. एकाला अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) 1.658 लागू होतो, दुसऱ्याला 1.486 पर्यंत खाली येणारा. हा 0.172 चा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या बाबतीत तो जेमतेम 0.009 आहे आणि अ‍ॅपोफिलाइटमध्ये त्याहूनही कमी. काचेत तर प्रश्नच नाही.

खात्री करायला चाकूचं टोक पुरतं. कॅल्साइटवर सहज ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. अ‍ॅपोफिलाइटलाही चाकूचा ओरखडा पडू शकतो, त्यामुळे कोपऱ्यावर थोडी पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट.

ओळीवर ठेवू नका, ठिपक्यावर ठेवा

एक सेंटीमीटर जाडीच्या तुकड्यातून दोन प्रतिमा साधारण एक मिलिमीटरने सरकतात. तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर अक्षर दुहेरी न दिसता नुसतं फुगल्यासारखं दिसतं आणि आपण म्हणतो, दगड धुरकट आहे. त्यातही एक फसवाफसवी आहे. प्रतिमा सरकते ती समभुज चौकोनी पृष्ठाच्या आखूड कर्णाच्या दिशेने. तुम्ही आखलेली रेघ नेमकी त्याच दिशेला असली, तर दुसरी रेघ पहिलीवरच पडते आणि एकच दिसते.

म्हणून पांढऱ्या कागदावर बारीक बॉलपेनने एक ठिपका काढा आणि स्फटिक त्यावर सपाट ठेवून हळूहळू फिरवा. एक ठिपका जागचा हलत नाही, दुसरा त्याच्याभोवती घिरट्या घालतो. नीट पाहिलंत तर हलत नसलेला ठिपका थोडा वर उचलल्यासारखाही भासतो.

पॉलिश केलेले गोळे आणि अंडाकृती तुकडे विकत घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कॅल्साइटमध्ये एक दिशा अशी असते की तिच्या रोखाने पाहिल्यास प्रतिमा एकच दिसते. तो प्रकाशीय अक्ष. गोळा एकदा बघून टाकून देऊ नका, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा.

मोबाइल, लॅपटॉप आणि सिनेमाचा चष्मा

हल्लीची ही सगळ्यात मजेशीर चूक. कागद हाताशी नसतो, म्हणून स्फटिक थेट पडद्यावर ठेवला जातो. बहुतेक एलसीडी पडद्यांतून येणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच प्रतलात असतात. कॅल्साइटमधले दोन किरण तर एकमेकांना काटकोनात ध्रुवित. त्यामुळे एका स्थितीत पडद्यावरचं अक्षर एकच दिसतं, पाव फेरा फिरवलात की तेही जातं आणि दुसरं उगवतं. मधल्या स्थितीत दोन्ही. बिघाड समजून ज्याने स्फटिक उचलून ठेवला, त्याच्या हातून फुकटात होणारा ध्रुवणाचा प्रयोग निसटला.

दुसरे काही जण थ्रीडी सिनेमाचा चष्मा लावून कागदावरचा दुहेरी ठिपका बघतात. एक ठिपका गायब व्हायला हवा, तो होत नाही. बऱ्याच थिएटरांतले चष्मे वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक पापुद्रा असतो आणि तोच घोळ करतो. चष्मा उलटा धरा, डोळ्याकडची बाजू स्फटिकाकडे. मग काच फिरवताच ठिपके आळीपाळीने मावळतील.

काहीच नसेल तर संध्याकाळी बाणेर-बालेवाडीच्या काचेच्या इमारतींवरून तिरप्या परावर्तित होणाऱ्या उजेडाकडे स्फटिकातून बघा. तो फिरवताना एक प्रतिमा फिकी पडते. 1808 मध्ये पॅरिसला फ्रेंच शास्त्रज्ञ मालूने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचा मावळता उजेड असाच न्याहाळला आणि परावर्तनानेही प्रकाश ध्रुवित होतो हे त्याला कळलं. मात्र सूर्याकडे किंवा काचेतल्या त्याच्या झगझगीत ठिपक्याकडे स्फटिकातून अजिबात बघायचं नाही. लेझर पॉइंटरही जपून. किरण दोन होतात आणि पृष्ठांवरून परावर्तन भलतीकडे जातं.

प्रॅक्टिकलला बसणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत 60 अंशाचं कॅल्साइट प्रिझम, सोडियमचा दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर घेऊन दोन अपवर्तनांक काढायला सांगतात. त्याआधी क्वार्ट्झवर प्रयोग केलेला असतो. तिथे दोन प्रतिमांमध्ये एक अंशाचंही अंतर नसतं, त्या शेजारी शेजारी दिसतात. त्या सवयीने कॅल्साइटची एक प्रतिमा सापडली की पोरं दुसरी तिथेच शोधत बसतात. ती तिथे नसते. एकीचं किमान विचलन, म्हणजे किरण कमीत कमी जेवढा वळतो तो कोन, सुमारे 52 अंश, दुसरीचं सुमारे 36. दुर्बीण चांगली सोळा अंश सरकवायला हवी.

शिवाय किमान विचलनाची स्थिती दोन्हींसाठी वेगवेगळी लावावी लागते. एकदा लावलेल्या टेबलावर दोन्ही वाचनं घेतली की उत्तर चुकलंच. आणि जास्त वळणारा तो साधारण (ऑर्डिनरी) किरण हे कॅल्साइटपुरतं खरं. क्वार्ट्झमध्ये ते उलटं आहे. शंका असेल तर आयपीसवर पोलरॉइड, म्हणजे ध्रुवण करणारी फिल्म, फिरवून खात्री करा, जर्नलमध्ये अंदाजाने लिहू नका.

कॅल्साइटच्या व्यवहारातल्या उपयोगाचं मूळ दोन प्रतिमांच्या याच अंतरात आहे. 1828 मध्ये विल्यम निकोलने स्फटिक कापून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाने जोडला, एक किरण बाजूला फेकला आणि दुसरा पार होऊ दिला. पुढे दगडांच्या पातळ चकत्या तपासणाऱ्या सूक्ष्मदर्शकांत तोच प्रिझम बसला. आज तिथे ध्रुवण करणारी स्वस्त फिल्म आली असली, तरी लेझरच्या कामात कॅल्साइटचे प्रिझम अजून वापरले जातात.

धुताना

खाणीतली माती निघावी म्हणून बाथरूम साफ करायचं ॲसिड ओतू नका. लिंबू, व्हिनेगरही नको. दोन मिनिटांत चकचकीत पृष्ठ दुधी होतं. कोमट पाणी, मऊ टूथब्रश, भांड्याच्या साबणाचा थेंब पुरे. उकळतं पाणीही टाळा, तापल्यावर हा स्फटिक एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो, त्यामुळे तडा जाऊ शकतो.

पृष्ठ आधीच दुधी झालं असेल, तर त्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाकून स्वच्छ काचपट्टी दाबा. बऱ्यापैकी आरपार दिसू लागतं. पुण्याच्या डिसेंबरात मात्र तेल आधी पातळ करून घ्यावं लागेल.

आणि हातातून पडून फुटला, तर तुकडे केरात टाकू नका. कॅल्साइट ठरलेल्या पातळ्यांवरच फुटतो. साधारण 102 आणि 78 अंशांचे कोन असलेले नवे, लख्ख चेहरे आयते मिळतात, आणि दुधी झालेल्या जुन्या चेहऱ्यापेक्षा त्यांतून ठिपका कितीतरी स्वच्छ दिसतो.