१४२८५७ कशी उकलायची

नाशिकच्या डेपोत मी एसटीचा कंडक्टर होतो. तिकिटांवरचे आकडे सुटे करून बघायची सवय तेव्हापासूनची. आता संध्याकाळी नातीला घेऊन बसतो आणि पाठकोऱ्या कागदांवर एक मोठी संख्या उकलतो. गेल्या आठवड्यात १४२८५७ घेतली. १ ला ७ ने भागलं की दशांश चिन्हापुढे सारखी फिरत राहते, तीच ही.

आधी अंकांची बेरीज करा: २७. म्हणजे ९ ने भाग जाणार, हे पक्कं. पण बेरीज २७ म्हणून संख्येलाही २७ ने भाग जाईलच असं धरू नका. नात तिथेच चुकली. १८९९ च्या अंकांची बेरीजही २७ च, पण २७ ने भागलं की ९ उरतात. तेव्हा भागाकार मांडायचाच. आपल्या संख्येला भाग जातो, ५२९१ येतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या म्हणजे हर्षद, आनंद देणारी. हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं. देवळालीच्या फेऱ्या मी कितीतरी केल्या, पण त्यांचं काम मला निवृत्तीनंतर कळलं, याची हळहळ वाटते.

आता ५२९१ फोडा. ११ ने भागा, ४८१. त्याला ७ ने जात नाही, १३ ने जातो, ३७ उरतात. झाले मूळ अवयव: ३×३×३×११×१३×३७. विभाजक बनवताना ३ एकदाही न घेण्यापासून तीन वेळा घेण्यापर्यंत ४ पर्याय, बाकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा म्हणून २-२-२, गुणाकार ३२. इतके विभाजक.

मग वर्ग करा, हातानेच: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! मूळ संख्या परत हजर. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. नातीने ही बेरीज तीनदा करून पाहिली.

शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. २१ मध्ये त्याचेच अंक २ आणि १ मिळवले की २४ होतात. म्हणजे २४ चा जनक २१. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. १४२८५७ चा जनक शोधू. १४२७९९ मध्ये त्याचे अंक मिळवले तरी १४२८३१ च होतात, त्यामुळे त्याच्या खाली बघायला नको. जनक असलाच तर १४२८ ने सुरू होणार. या चार अंकांची बेरीज १५. दशकाचा अंक द, एककाचा ए धरला तर ११द + २ए = ४२ यायला हवेत. द सम हवा. ० घेतला तर ए २१, २ घेतला तर १०. दोन्ही अंक नव्हेत. ४ घेतला तर ४४ होतात. म्हणजे ही स्वयंभू.

नातीने लगेच तेच अंक फिरवून ८५७१४२ घेतली. तिला मात्र जनक सापडला: ८५७११५.