एअरब्रशने मेटल फ्लेक मारायचाय? आधी चमकीचा साईज बघा

1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कस्टम गाड्यांवर जो चमचमणारा रंग असायचा, ऊन पडलं की दाणा न दाणा वेगळा चमकतो तो, तोच हा मेटल फ्लेक. नावात मेटल असलं तरी आतली चमकी बहुतेक वेळा पॉलिएस्टर फिल्मची असते, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि रंग चढवून मग बारीक कापलेली. म्हणजे रंग वगैरे काही नाही, क्लिअरमध्ये (म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक लॅकरमध्ये) तरंगणारे तुकडे आहेत ते, आणि तेच तुकडे तुमच्या नोझलमध्ये अडकतात.

खरी गोम साईजची आहे. बाजारात 0.004 इंच, 0.008, 0.015 असे आकडे दिसतात. 0.004 इंच म्हणजे 0.1 मिमी, 0.008 म्हणजे 0.2 आणि 0.015 म्हणजे जवळपास 0.4 मिमी. आता आपल्याकडच्या साध्या एअरब्रशचं (पेनासारखी हातात धरायची छोटी स्प्रे गन) नोझल 0.3 मिमीचं, त्यात मधोमध सुई बसलेली, मग जागा उरते किती ते तुम्हीच बघा. म्हणून एअरब्रशने करायचं तर 0.004 किंवा त्याहून बारीक चमकी आणि निदान 0.5 चं नोझल, 0.8 मिळालं तर सोन्याहून पिवळं. 0.015 वाली चमकी एअरब्रशने मारायचा हट्ट करू नका, तिला मोठी स्प्रे गन लागते. एअरब्रश बाईकचा साईड पॅनल, स्केल मॉडेल असल्या छोट्या कामांनाच ठीक. पूर्ण टाकी करायची तर हात भरून येतो आणि पट्टे पडतात ते वेगळंच. हेल्मेटवर मात्र प्रयोग नको, थिनरने काही हेल्मेटचं कवच कमजोर होतं.

स्टेशनरीच्या दुकानातली चमकी चालेल का? मी वापरून बघितली, लाल चमकीचा रंग थिनरमध्ये उतरला आणि बाटलीत गुलाबी सरबत झालं 😅 म्हणून आधी चिमूटभर चमकी काचेच्या बाटलीत थिनरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी थिनर रंगीत दिसलं तर ती चमकी गणपतीच्या मखराला वापरा.

बेस शक्यतो चमकीच्याच रंगाचा मारा, मग कमी हातात भरतं. काळ्या बेसवर चांदीची चमकी पण मस्त दिसते, फक्त मधल्या मोकळ्या जागा लगेच डोळ्यात येतात.

तयार क्लिअर, म्हणजे हार्डनर थिनर घालून झालेलं, 100 मिली असेल तर मी 5 ग्रॅमच्या आसपास चमकी टाकतो. जास्त टाकली की नोझल चोंदलंच. चमकी तळाशी बसते म्हणून एअरब्रशच्या कपात स्टीलचे एक-दोन छोटे छर्रे टाका आणि मधे मधे एअरब्रश हलवत रहा, किंवा नोझलच्या तोंडावर फडकं धरून जरा हवा सोडा, कपात बुडबुडे येऊन सगळं ढवळून निघतं. (तेव्हा कपाला झाकण असू द्या, नाहीतर तोंडावर होळी.)

प्रेशर 30 पीएसआयच्या आसपास, अंतर 10 ते 15 सेमी, आणि ट्रिगर पूर्ण मागे ओढायचा, अर्धवट ओढला की सुईमुळे फट बारीक होते आणि तिथेच चमकी अडकते. एक हात आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका, मधे 10-15 मिनिटं थांबायचं. कोरडा फवारा पडला तर चमकी उभी रहाते आणि खरखर येते, फार ओला पडला तर घसरून खालच्या कडेला जमा होते, म्हणून पॅनल आडवा ठेवून मारलेला बरा. एकाच हातात भरायची घाई नको.

मग नुसतं क्लिअर, तीन-चार हात. सुकल्यावर हात फिरवलात तर अजून पॉलिश पेपरसारखं लागेल, घाबरू नका. 600 च्या पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासा, पण पाण्यात चमकी दिसायला लागली की तिथेच थांबा, कारण चमकीचा वरचा रंग निघाला की आतला पांढरट ठिपका कायमचा दिसतो. पुन्हा दोन-तीन हात क्लिअर, मग 1500, 2000 आणि पॉलिश.

आणि टूके (2K, म्हणजे हार्डनर मिसळायचं) क्लिअर असेल तर कापडी मास्कवर भागवू नका, त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला वास येईलच असं नाही पण फुफ्फुसाची वाट लागते. उघड्यावर काम आणि कार्ट्रिजवाला मास्क हे अगदी कमीत कमी.

साफसफाईला एअरब्रश पूर्ण उघडा. मी तर एक स्वस्तातला ब्रश फ्लेकसाठीच बाजूला ठेवलाय, कारण कितीही धुवा, पुढच्या मॅट काळ्या कामात एक तरी चांदीचा दाणा पडतोच.