सांत्वनाआधी एक वाक्य परत म्हणा

ऑगस्ट २०१९च्या पुरात चिकोडी-निपाणीकडं नदीकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. दूधगंगेकाठची माझी मावशी सांगत होती, "भिंत पडली ती बांधता येईल गं, पण तुळशीकट्टा वाहून गेला." मी चटकन म्हणाले, "असू दे मावशी, जीव वाचले ना!" ती गप्प झाली, चहाच्या कपबशा उचलून आत गेली. माझं चुकलंच होतं. तिला कट्ट्याबद्दल बोलायचं होतं.

आता मी समोरच्याचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत परत सांगते: "कट्टा गेल्याचं जास्त लागलंय ना तुला?" मग थांबते. अंदाज चुकला तरी माणूस स्वतःच दुरुस्त करून सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही अशा ऐकण्यावर फार भर दिला होता. मधली शांतता जड वाटते, पण ती भरून काढू नका. "माझंही तसंच झालं होतं" हेही नंतर.

आपल्या सीमाभागात आणखी एक सांभाळा. शेजारच्या अक्का रडता रडता कन्नडवर आल्या, तर त्यांना कन्नडमध्येच बोलू द्या. एखादा शब्द अडला तर त्या शांत झाल्यावर विचारा.