साठवणीसकट घर हलवताय? या चुका टाळा

फलटणजवळचं दोन एकरांचं रान सोडून आम्ही दापोलीकडे राहायला गेलो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून तोच मुहूर्त. पिकअपच्या दोन खेपा झाल्या, त्यातली एक जवळजवळ साठवणीचीच होती. कुरडया, पापड, सांडगे, भरल्या मिरच्या, दोन वर्षांचं लिंबाचं लोणचं, कैरीची ताजी बरणी, ज्वारी, गहू, हरभरा आणि बियाणांच्या पुरचुंड्या. चैत्रभर उन्हात बसून केलेलं सगळं. श्रावण संपेपर्यंत त्यातलं निम्मं तरी उकिरड्यावर गेलं होतं.

माझं करण्यात काही चुकलं नव्हतं. तेच हात, तेच प्रमाण, तोच गहू. पण साठवण ज्या घरात करतो त्या घराच्या हवेचा हिशेब तिच्यात धरलेला असतो, आणि मी घर बदललं तरी हिशेब जुनाच ठेवला होता. फलटणला वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दापोलीत साडेतीन हजारांच्या घरात. या एका फरकात पुढच्या बहुतेक चुका आल्या.

वर्षाची बेगमी करूनच निघणं

ही सर्वात मोठी चूक. नव्या जागी ऊन कसं असेल, वेळ मिळेल की नाही, म्हणून आपण जुन्या घरीच दुप्पट करून ठेवतो. मी एरवी तीन किलो गव्हाच्या कुरडया करते, त्या वर्षी सहा किलोंच्या केल्या. उलट करायला हवं होतं. घर हलवायचं ठरलं की आधीच्या दिवाळीपासून साठवण संपवायला लागा. निघताना सोबत तीन-चार महिन्यांचं असावं, त्याहून जास्त नको. उरलेलं जावेकडे, बहिणीकडे, शेजारी ठेवा आणि लागेल तसं मागवून घ्या. कोरड्या मुलखात ते जास्त टिकतं.

आणि जाणं कोकणात असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात सामान नेऊच नका. तिकडे तेव्हा आगोटीची घाई असते. लाकडं भरायची, कौलं परतायची, मीठ-मसाला घरात घ्यायचा, सगळं मृग लागायच्या आत. आम्ही सामान उतरवलं आणि बाराव्या दिवशी पाऊस लागला. डबे उघडून एक ऊन द्यायलाही सवड मिळाली नाही.

कुरडया-पापड कोमट असताना डब्यात भरणं

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळं वाळवण पुन्हा उन्हात घातलं, ते बरोबर केलं. संध्याकाळी गोळा करून लगेच डब्यांत दाबलं, ते चुकलं. उन्हातून उचललेला पापड आतून गरम असतो. बंद डब्यात ती वाफ झाकणाला लागते, रात्री थंड होते आणि खाली ठिबकते. पत्र्याच्या डब्याला आतून घाम फुटतो तो असा. घरात पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा, आणि एका मोठ्या डब्यापेक्षा आठवड्याला एक संपेल अशा लहान पिशव्यांत भरा. मोठा डबा रोज उघडला की रोज थोडी दमट हवा आत जाते.

पापड मऊ पडले म्हणजे गेले असं नाही. वास आणि रंग ठीक असेल तर जाड तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घ्या, गार करा, मग भरा. काळे-हिरवे ठिपके दिसले तर मात्र खरवडायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. आमच्या शेजारच्या काकी माझे डबे बघून म्हणाल्या, "अहो वैनी, हे खाली कशाला ठेवलंत? चुलीवरच्या माळ्यावर टाका, धुरात." खरंच आहे. पावसाळ्यात घरातली सर्वात कोरडी जागा चुलीच्या वर असते. आमच्याकडे गॅस, त्यामुळे चुलीची ऊब नव्हती. पुढच्या वर्षी न्हाणीघराच्या बंबाशेजारी फळी ठोकून घेतली.

लोणच्याची बरणी धान्यात रोवणं

चिनी मातीची बरणी फुटू नये म्हणून मी ती गव्हाच्या पिंपात रोवली. कल्पना वाईट नव्हती. पण आमचा रस्ता वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर असा. फलटण समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, आणि मग थेट खाली. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, बरणीत कोंडलेली हवा फुगते आणि तेल झाकणाच्या आट्यांतून वाट काढते. त्यात घाटातली वळणं. पोलादपुरात पिंप उघडलं तेव्हा वरच्या दहा किलो गव्हाला मोहरी-हिंगाचा वास येत होता. तो गहू आम्ही दळला. पोळ्यांना महिनाभर लोणच्याचा वास होता. मुलीला आवडल्या, हे आणखी वेगळं.

अर्ध्या रिकाम्या बरण्या नेऊ नका. लोणचं काठोकाठ भरतील अशा लहान, कोरड्या काचेच्या बाटल्यांत काढा. आत हवा जितकी कमी, तितकी ती कमी फुगते. झाकणाखाली जाड प्लॅस्टिक, वर दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं फडकं, आणि बाटल्या गाडीत स्वतःच्या पायाशी उभ्या. पोहोचल्यावर बाटल्यांची तोंडं पुसून घ्या आणि फोडी उघड्या पडल्या असतील तर तापवून पूर्ण गार केलेलं तेल वर घाला.

तेलाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे बुरशी धरत नाही. पण लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. कैरीच्या किलोला दीड-दोनशे ग्रॅम मीठ हे जुन्या बायकांचं प्रमाण उगाच नाही. "हल्ली मीठ कमी खातो" म्हणून ते निम्म्यावर आणायचं असेल तर ते लोणचं फ्रिजचं, बरणीचं नाही. आणि ज्यात आंबटपणा नाहीच, म्हणजे तेलात बुडवलेला लसूण, तेलातला हिरव्या मिरचीचा ठेचा, ते प्रवासात बाहेर नेऊच नका. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी बोटुलिझमचे जंतू वाढतात, आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. असा ठेचा ताजा करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. फुगलेलं झाकण, उघडताना फस्सकन उडणारं पाणी असं काही दिसलं तर "जरा चाखून बघू" म्हणू नका. हा सगळा लेख विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

डोंगरावर जाताना पाक जुन्याच मापाने घेणं

आमचं उलट होतं, पण कोणी खालून महाबळेश्वर-पाचगणीकडे राहायला जात असेल तर त्यांच्यासाठी. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. महाबळेश्वरला ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांवरच उकळायला लागतं. जॅम समुद्रकाठी १०५ अंशांना होतो. तिथे स्ट्रॉबेरीचा जॅम १०५पर्यंत नेलात तर चमचा उभा राहील. जागा कुठलीही असो, आधी नुसत्या पाण्याचा उकळबिंदू मोजा आणि त्याच्या पाच अंश वर थांबा. बाटलीबंद आमरस उकळत्या पाण्यात ठेवतो, तोही तिथे जास्त वेळ ठेवावा लागतो, कारण पाणी उकळत असलं तरी तितकं गरम नसतं.

धान्य: दात लावा, मग भरा

देशावर ज्वारी कणगीत वर्षभर राहते. समुद्रापासून तीन किलोमीटरवर ती जुलैत सोंड्यांनी भरली. दाण्यात ओलावा किती आहे हे पाहायला दाताखाली कट्ट आवाज येतो का बघतात, ते ठीकच आहे. त्याहून पक्की खूण म्हणजे कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. कोकणात पावसाळ्यात मीठच पाझरतं, म्हणून ते आधी तव्यावर भाजून गार करून घ्या, नाहीतर परीक्षा मिठाचीच होते.

सोंडे दिसायला लागल्यावर कडुलिंबाचा पाला घालून फार उपयोग नाही. तो आधी घालायचा, आणि पूर्ण वाळलेला. ओला पाला म्हणजे आणखी ओल. थोडं धान्य असेल तर पिशवीत बांधून डीप फ्रीजमध्ये चार दिवस ठेवा, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका. डाळींना एरंडेल चालतं. तांदळाला बोरिक पावडर चोळायची सवय अजून कित्येक घरांत आहे. ती सोडा, ते खायचं औषध नाही. कोकणातली माणसं भात मुडीत, म्हणजे पेंढ्यात बांधून, ठेवतात आणि लागेल तसं कांडून आणतात. तूस असलेला दाणा जास्त टिकतो हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही.

बियाणांचं दुःख वेगळं. दुधी, गवार, देशी काकडी, सासूबाईंच्या हातचा घेवडा, सगळं कापडी पुरचुंड्यांत होतं. पुढच्या वर्षी गवारीच्या दहा बियांतल्या दोन उगवल्या. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. दमट हवेत कापडात हे उलट्या दिशेने चालतं. हवाबंद काचेची बाटली घ्या, तळाशी मूठभर तांदूळ कडक भाजून, बंद बाटलीत गार करून घाला, वर कागदात बांधलेलं बी ठेवा. आणि सगळं बी कधीच सोबत नेऊ नका. निम्मं मागे कोणाकडे तरी ठेवा. आमच्या घेवड्याचं बी आज शिल्लक आहे ते फलटणच्या जावेच्या डब्यात राहिल्यामुळे. काळ्या रानातलं बी जांभ्याच्या तांबड्या मातीत कसं येतं हा पुन्हा वेगळा विषय. गहू-हरभऱ्याचा नाद मी तर सोडलाच.

झाकणं

खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची झाकणं वर्षात गंजतात. गंजलेल्या झाकणाने बाटली नीट बंद होत नाही. काच जुनी चालेल, झाकणं नवी घ्या. पितळेची जुनी पातेली नेणार असाल तर कल्हई करूनच न्या, कारण नव्या जागी पहिला हंगाम आंबटाचा असतो. कोकम, कैरी, चिंच सगळं त्याच पातेल्यात जातं.

पहिल्याच हंगामात मणाने करणं

मी वीस किलो कोकम आणलं. आमसुलांना रसाची पुटं देऊन प्रत्येक पुटानंतर वाळवायचं असतं, आणि बरंच कोकम पिकतं ते नेमकं मेच्या अखेरीस, पाऊस दारात असताना. दुसऱ्या पुटाला सरी आली. त्या वर्षीची आमसुलं मऊ, चिकट, आणि कोपऱ्यांना पांढरी. आता एप्रिलमध्ये पिकणाऱ्या झाडांचं तेवढं घेते, पाच किलो, आणि उरलेल्याचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, करते. त्याला ऊन लागत नाही, मीठ लागतं.

सध्या व्यवहार असा ठरला आहे: आमसुलं आणि आगळ इकडून दिवाळीला फलटणला जातं, आणि परतीच्या गाडीत जावेने केलेल्या कुरडया येतात, दोन महिने पुरतील एवढ्याच. लहान पिशव्यांत.