घरी बांधलेल्या बाइकचं हँडल वेग उतरताना थरथरतं: माझा उपाय

लक्षण: ६५च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ५० पर्यंत हँडल डावी-उजवीकडे फडफडायचं. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) घरी वेल्ड केलेला. टायरची हवा, व्हील बॅलन्सिंग, फोर्क ऑइल, सगळं करून पाहिलं. दोन आठवडे डोकं फिरलं.

आधी मागचं चाक. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर विसंबू नका, घरगुती स्विंगआर्मवर त्यांना काडीचा अर्थ नसतो. पिव्होट बोल्टच्या (स्विंगआर्म फ्रेमला जोडणारा) मध्यापासून अ‍ॅक्सलच्या (चाकाचा आस) मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजलं, उजवीकडे ४ मिमी जास्त. सारखं करून नट आवळला आणि पुन्हा मोजलं, कारण आवळताना अ‍ॅक्सल सरकतो.

मग पुढचं चाक अधांतरी घेऊन फोर्क पुढे-मागे ओढला: कट्-कट्. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला! वरच्या टीचे (फोर्कचे दोन्ही पाय वर धरणारी पट्टी) पिंच बोल्ट आणि मधला नट सैल केला. खाचांची रिंग हूक पान्याने खेळ (ढिलेपणा) जाईपर्यंत आवळली, हँडल ५ वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, रिंग किंचित मागे घेतली. मधला नट, मग पिंच बोल्ट घट्ट. मधल्या नटाने कोनसेट अजून दबतो, म्हणून खेळ पुन्हा तपासला. टिचकी मारली की हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडायला हवं. मध्यावरच अडकलं तर रेसला (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात ती वाटी) खड्डे पडलेत, कोनसेट बदला.

मोकळ्या सरळ रस्त्यावर ७० वरून सोडून पाहिलं. हँडल स्थिर.